माझा पहिला इंच

मी शिंप्याची मोजपट्टी बोलतेय. आयुष्यभर मी लोकांच्या गळ्याची मापं घेतली, छातीची घेतली, कंबरेची घेतली. कंबरेचं माप ऐकून पोट आत ओढणारी माणसं पाहिली आणि हळूच एक इंच सोडणारा शिंपीही पाहिला. पण माझ्या स्वतःच्या मापाचं काय झालं, हे मला कुणी विचारलं नाही. तेव्हा आता मीच सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाच्या लांब फितीवर प्लास्टिकचा पिवळा लेप चढवला गेला आणि मग माझ्या एका अंगावर इंच छापले, दुसऱ्या अंगावर सेंटिमीटर. दोन्हींची सुरुवात एकाच टोकापासून. दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसल्या आणि मी तयार झाले. म्हणजे जन्मतःच मला दोन भाषा येत होत्या. फार थोड्यांच्या वाट्याला येतं हे भाग्य. आणि त्यातली एक भाषा उभ्या आयुष्यात कुणी बोलू नये, हे दुर्भाग्य त्याहून थोड्यांच्या वाट्याला येतं!

रविवार पेठेतल्या शिवणसाहित्याच्या दुकानातून मला गोपाळकृष्ण मास्तरांनी विकत घेतलं. शनिवार पेठेत रस्त्यालगत त्यांची एक खोली होती, तेच त्यांचं शिलाईचं दुकान. मास्तरांना दोन मुलं. थोरला दत्तप्रसाद आणि धाकटी हेमा. दत्तप्रसादला सुईत दोरा ओवता येत नसे. हेमा पंधराव्या वर्षी ब्लाउजची बाही अशी बसवायची की मास्तर चष्मा वर करून बघत राहायचे. मास्तरांनी हेमाला मशीन दिलं, कात्री दिली, मला दिलं आणि खोली दत्तप्रसादच्या नावावर केली. मुलगा तो मुलगा. हे माप कोणत्या पट्टीने घेतात, मला अजून कळलेलं नाही.

मास्तर गेले. हेमा दुकान चालवत राहिली, भावाच्या खोलीत. दत्तप्रसाद बँकेतून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी दुकानात यायचा, ग्राहकांच्या स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचायचा आणि जाताना म्हणायचा, "बघू, चालतंय तोवर चालव."

माझा पहिला इंच गेला तो याच दुकानात. लग्नसराई होती. गरम इस्त्री माझ्या टोकावर राहिली. पितळेची टोपी वाकडी झाली, लेप वितळून चिकटला. दुसरी कुणी असती तर नवी मोजपट्टी आणली असती. हेमाने कात्री घेतली, बरोबर एकच्या रेघेवर मला कापलं आणि कडेला काळ्या दोऱ्याने टाके घातले.

"आई, नवी आण ना," तिची मुलगी उत्कर्षा म्हणाली.

"का? बाकीची एकोणसाठ इंच धडधाकट आहे. जे माप येईल त्यातून एक वजा करायचा, झालं."

तेव्हापासून दुकानात 'एक वजा' हा मंत्र सुरू झाला. सोळा दिसले की हेमा पंधरा म्हणायची. बोटांत धरून धरून टोकाजवळचे आकडे दोन्ही अंगांनी पुसट झाले, तरी मंत्र काही पुसला गेला नाही.

उत्कर्षा मशीनच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. "किलोमीटर, हेक्टोमीटर, डेकामीटर, मीटर..." असं घोकताना एक दिवस तिने मला उलटं केलं आणि ओरडली, "आई, हिच्या पाठीवर पण आकडे आहेत!"

"असू देत," हेमा टीप मारता मारता म्हणाली. "ती सरकारी बाजू आहे."

सरकारी बाजू! दुधातून शेर गेला, कापडातून वार गेला, देशाने दहाच्या पटीत मोजायला शिकून कितीतरी वर्षं झाली. आणि इथे माझी अर्धी काया सरकारी कचेरीसारखी. आहे, पण तिथे जातं कोण?

नवं शतक उजाडलं तशी दुकानातली गर्दी ओसरली. तयार कपड्यांची मोठमोठी दुकानं निघाली, मुली आरशासमोर घालून बघायच्या आणि घेऊन जायच्या. माप घ्यायला उभं राहायला कुणाला वेळ नव्हता. दत्तप्रसादचं "बघू" आता वेगळं ऐकू येऊ लागलं.

"हेमा, एक सायबर कॅफेवाला विचारतोय जागेचं. दिवाळीनंतर बघू आपण."

हेमाने मान खाली घालून मला गुंडाळायला घेतलं. तिच्या हाताची पकड मात्र मला कळली. त्या खोलीशिवाय तिच्याकडे काय होतं? घरात मशीन ठेवायलाही जागा नव्हती.

बोलली ती उत्कर्षा. ती तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला मोठ्यांचा 'बघू' हा शब्द ऐकला की तिडीक यायची. ओळखीपाळखीत चौकशी करून तिने खराडीतल्या एका नव्या कंपनीचं काम आणलं. ऑफिसात नवे संगणक येणार होते. त्यांना धुळीपासून वाचवायला कापडी झाकणं हवी होती.

कंपनीकडून शुभंकर नावाचा तरुण रिक्षातून एक मॉनिटर घेऊन आला. "काकू, सगळे याच मापाचे आहेत. कापड आम्ही देऊ, किती लागेल तेवढं सांगा. ही झाकणं नीट बसली तर पुढे पडदे, खुर्च्यांचे अभ्रे, सगळं तुमच्याकडेच."

दत्तप्रसादने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, मला उचललं आणि मॉनिटरच्या रुंदीवर ताणलं. "पंधरा! बरोबर. पंधरा इंची मॉनिटर. कंपनी खोटं बोलत नाही."

"मामा, तो पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पंधरा असतो, रुंदीत नाही. आणि पट्टीचा एक इंच कापलेला आहे."

"तेच ते. इकडचं तिकडे."

हेमाने मला त्याच्या हातातून घेतलं. चौदा इंच रुंदी, शिलाईला अर्धा इंच. उंची, खोली, सगळं तिने बोटांवर जुळवलं आणि कापड किती लागेल ते सांगून टाकलं. तेवढंच करडं कापड दुसऱ्या दिवशी आलं. सोबत निरोप आला, की कापण्याआधी मापं सेंटिमीटरमध्ये लिहून पाठवा, आमच्याकडे तसंच चालतं.

उत्कर्षाचा चेहरा असा उजळला! "बघ आई. सगळं जग सेंटिमीटरवर चालतं."

"हो का? मग तुमचा तो संगणक पंधरा इंची कसा?" हेमाने विचारलं.

उत्कर्षाने मान उडवली. तिने मला उलटं केलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या पाठीवरून बोट फिरवत होतं, एकेक रेघ मोजत होतं. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही.

"एक वजा करायला विसरू नकोस," मशीनवरून हेमा ओरडली.

"माहितेय गं!"

उत्कर्षाने मापं लिहिली आणि खडूने कापडावर आखायला घेतली. थोड्या वेळाने तिचा हात थांबला.

"आई, कापड पुरत नाहीये."

"पुरतंय. कापडाच्या पन्ह्यात, या रुंदीत, तीन पट्ट्या बसतात. साडेचौदा त्रिक साडेत्रेचाळीस, आणि पन्हा चव्वेचाळीस इंचांचा."

"माझ्या मापाने दोनच बसतात. तिसरी बाहेर जाते."

"मग तुझं माप चुकलंय."

"माझं? मी मिलिमीटरपर्यंत मोजलंय, आई! तुझा अंदाज चुकला, आणि आता त्यांच्याकडे आणखी कापड मागायचं? पहिल्याच कामात?"

"तीस वर्षांत माझा पन्हा कधी चुकला नाही."

"तीस वर्षांत तू पट्टी उलटीसुद्धा केली नाहीस!"

दत्तप्रसादला बोलायला एवढं पुरे होतं. "इंचाला अडीचने गुणलं की सेंटिमीटर होतो. एवढंही शिकवत नाहीत का कॉलेजात?"

"अडीच नाही. दोन पूर्णांक चोपन्न शतांश."

"त्या चार शतांशांनी काय दिवे लागणार आहेत? हे बघ हेमा, हे आपलं काम नव्हे. मी त्या खराडीवाल्यांना फोन करून सांगतो, जमत नाही म्हणून. अब्रू जाण्याआधी मोकळं व्हावं." आणि तो खरंच फोनकडे वळला.

उत्कर्षाने फोनवर हात ठेवला. "पाच मिनिटं थांबा, मामा."

तिने मला पुन्हा मॉनिटरवर लावलं. इंचात चौदा. गुणून साडेपस्तीसच्या किंचित पुढे. पण सेंटिमीटरच्या बाजूने तिला सदतीसच्याही पुढे आलं होतं. जवळजवळ दीड सेंटिमीटर जास्त. गुणाकारात चूक नव्हती, उत्कर्षाच्या मोजण्यातही चूक दिसत नव्हती. मग तिने हेमाची कात्री मोजली, दोन्ही अंगांनी. फरक दीड सेंटिमीटर. मग अख्खं टेबल मोजलं. पुन्हा दीडच.

ती मटकन स्टुलावर बसली. "गुणाकार चुकला असता तर टेबलाला फरक जास्त आला असता आणि कात्रीला कमी. मोठ्या वस्तूला मोठी चूक. पण हा फरक वाढतच नाहीये. म्हणजे चूक मोजण्यात नाही, सुरुवातीत आहे." तिने माझं काळ्या टाक्यांचं टोक चिमटीत धरलं. "आई, एक वजा कर म्हणायचीस. एक काय?"

"एक काय म्हणजे? एक."

"एक इंच, हेमा! माझ्या अंगाचा कापलेला इंच," असं खरं तर मला ओरडायचं होतं. पण उत्कर्षाच म्हणाली, "कापलाय एक इंच. मी वजा केला एक सेंटिमीटर. अडीच वजा करायला हवे होते."

आता 'मी सांगत होते' हे वाक्य येणार, असं मला वाटलं. मोठ्यांचं ते आवडतं वाक्य. पण हेमा मशीनवरून उठली आणि लेकीजवळ येऊन बसली.

"मी कधी 'इंच' म्हटलंच नाही गं. एकापुढे दुसरं काही असू शकतं, हे डोक्यातच आलं नाही."

"शाळेत एकक लिहिलं नाही तर अर्धा मार्क कापायचे," उत्कर्षा म्हणाली. डोळे पुसत होती की हसत होती, कोण जाणे.

"म्हणजे तुझा मार्क गेला," दत्तप्रसाद म्हणाला.

"माझा अर्धाच गेला, मामा. तुम्ही तर मॉनिटरच पंधरा इंच रुंद केला होतात."

मापं नव्याने लिहिली गेली. पन्ह्यात तीन पट्ट्या अगदी काठोकाठ बसल्या. आई कापत होती, मुलगी आखत होती. एक इंच म्हणे, दुसरी सेंटिमीटर म्हणे, आणि मी कधी पोटावर कधी पाठीवर, दोघींच्या हातात फिरत होते. ठरलेल्या दिवशी शुभंकर आला, पहिलं झाकण मॉनिटरवर चढवलं आणि कडा ओढून बघितली. "काकू, हातमोज्यासारखं बसलंय. पडद्यांची मापं घ्यायला कधी येता?"

तो गेल्यावर दत्तप्रसाद घसा खाकरून म्हणाला, "ठीक आहे. त्या कॅफेवाल्याला नाही म्हणून सांगतो. बघू, चालव अजून थोडी."

एरवी हेमा मान डोलावून गप्प बसली असती. त्या दिवशी तिने कात्री खाली ठेवली.

"थोडी म्हणजे किती, दादा?"

"अगं, थोडी म्हणजे... दहा धर."

"दहा काय? दिवस, महिने की वर्षं?"

दत्तप्रसादने वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "वर्षं," तो शेवटी म्हणाला.

"मग कागद कर. आणि दहाच्या पुढे 'वर्षं' असं स्वच्छ लिही. मी सही घेतल्याशिवाय पडद्याचं काम हातात घेणार नाही."

कागद झाला. दहाच्या पुढे 'वर्षं' लिहिलं गेलं. खाली दत्तप्रसादने सही केली, आणि पुढचे काही दिवस तो वर्तमानपत्र घरीच वाचत होता.

नवी मोजपट्टी आली, हे सांगायला हवं. खिळ्यावर माझ्या शेजारीच लटकते. पण मला टाकलं नाही. करड्या कापडाचा एक तुकडा उरला होता. हेमाने नव्या पट्टीवर मोजून त्यातून एक इंच कापला, कडा दुमडायला दोन्ही बाजूंनी जास्तीचं ठेवलं, आणि माझ्या काळ्या टाक्यांच्या जागी शिवला. उत्कर्षाने त्याच्या पाठीवर बारीक निबाने दोन पूर्ण रेघा आणि एक अर्धी ओढली. आता मी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

माझा तो पहिला इंच पिवळा नाही, करडा आहे. थोडा जाड आहे, गळ्याला किंचित टोचतो. हेमा दहाच्या दहा वर्षं दुकानात बसणार आहे, आणि मी इथे खिळ्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. मुलांच्या हातात तुमची जुनी पट्टी खुशाल द्या. पण देताना ती कुठे कापली गेली आहे आणि किती कापली गेली आहे, तेही सांगा. आणि आकडा सांगाल तेव्हा त्याच्यापुढचा शब्द गिळू नका.