मिस्त्रीचं ओके

“मच्छिंद्र, ओके म्हण आणि दे गाडी सोडून. बाकीचं मी बघतो,” गुरुसिद्धप्पा म्हणाले.

त्यांच्या ट्रकच्या एजन्सीत बाकीचं बघायचं काम मालकाचं आणि घाट उतरायचं काम ड्रायव्हरचं. पाण्याची टाकी बसवून कलेक्टर कचेरीला विकलेला हा ट्रक नवाकोरा, गॅरंटीतला. पण त्याचा ब्रेक मधूनच लागत नसे. पार्ट पुण्याहून येणार येणार म्हणत होते. बहात्तरचा दुष्काळ होता. टँकर बंद, म्हणून तामलवाडीला पाणी नव्हतं आणि कचेरीतून गुरुसिद्धप्पांना सारखे फोन येत होते. त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता, खोटं कशाला बोला!

मच्छिंद्र मिस्त्रीनं बॉनेटवर थाप मारून ‘ओके’ म्हटलं, की अख्ख्या उस्मानाबादेतले ड्रायव्हर डोळे झाकून गाडी बाहेर काढत. आज ती थाप पडत नव्हती.

“पार्टाबिगर ओके कसं म्हनू, अप्पा? भरल्या टाकीनं घाट उतरायचाय.”

“मग गावाला तहानेनं मारू?”

मच्छिंद्रनं वाकून पुन्हा एकदा ब्रेक तपासला.

“मिस्त्री, नीट झाली न्हवं?” ड्रायव्हर आबारावनं भीतभीत विचारलं. घरी त्याची बायको बाळंतीण होती.

“न्हाय झाली. म्या येतो संगं. तू पयल्या गेरात ठेव, म्या दगड घिऊन बाजूनं चालतो. घसरली का चाकाखाली लावतो.”

गुरुसिद्धप्पा भडकले. “हेडमिस्त्री क्लीनरसारखा गाडीमागं पळाला तर आमच्या गाड्या कोण घेणार? गेलास तर उद्यापासून यायचं न्हाय!”

एजन्सी उघडली तेव्हापासून मच्छिंद्र तिथं होता. त्याला वाईट वाटलं, फार वाटलं. पण तो गाडीत चढला.

तुळजापुरात टाकी भरून घेतली. घाटात आबाराव गाडी रांगवत होता आणि मच्छिंद्र दगड पोटाशी धरून चालत होता. एका वळणावर ब्रेक गेलाच. दगड लागला, गाडी थांबली, पण मच्छिंद्रची बोटं चेंगरली.

तामलवाडीत बायका घागरी घेऊन धावल्या. पुतळाबाई नावाची म्हातारी सगळ्यांच्या पुढं.

“ए किलीनर, बघत काय हुबा ऱ्हायलास? सोड की पाइप!”

आबारावला ते लागलं. “आजे, मिस्त्री हैत त्ये, मोठे...”

मच्छिंद्रनं त्याला हातानंच गप्प केलं आणि सुजल्या बोटांनी पाइप सोडला.

घागर भरल्यावर म्हातारी निवळली. “उद्या येशील न्हवं, लेकरा?”

“येतो की, आजी,” मच्छिंद्र म्हणाला. “उद्या दुसरं काय काम न्हाय मला.”