राहिलेला डोंगर

स्गूर व्होरागच्या पायथ्याशी गाडी थांबली तेव्हा पाऊस नव्हता. स्कॉटलंडच्या या डोंगरात याहून मोठा शुभशकुन इशबेलला नकोच होता!

“चल बाबा, पलीकडे मेंढ्यासुद्धा तुझ्यापेक्षा भरभर चढतायत.”

“त्यांच्या पाठीवर तुझा केक नाहीये,” फर्कर म्हणाला. पण हसला नाही.

आईबाबांनी लग्नाआधीपासून इथली मोठी शिखरं एकेक करत सर केली होती. नेहमी जोडीने. हे एकच उरलं होतं. शेवटचं शिखर इथले सगळेच गिर्यारोहक सणासारखं राखून ठेवतात, माथ्यावर केक कापतात, व्हिस्कीचा घोट घेतात. “वरून मला समुद्र बघायचाय,” आई म्हणायची. जानेवारीत आई गेली आणि बाबा दिवसदिवस खुर्चीत बसून राहू लागला. हा डोंगर झाला की तो पहिल्यासारखा होणार, हे इशबेलने ठरवूनच टाकलं होतं. केकही तिनेच केला होता, आईच्या भांड्यात. कडा करपल्या होत्या, पण ते जाऊ दे.

धुकं दाट होत गेलं. पायाखालचे दगड खळखळ निसटत होते. इशबेलची बडबड मात्र थांबत नव्हती. गप्प राहिलं की बाबाचा श्वास ऐकू यायचा.

अखेर वर माथ्यावरची दगडांची रास दिसली. “आलं! बाबा, तू पुढे हो, पहिला हात तुझा.”

फर्कर एका कातळाच्या आडोशाला खाली बसला.

“तू जाऊन ये.”

“अरे, चार पावलं राहिलीत! दमलास का?”

“नाही गं.” तो बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. “तुझ्या आईचा एक राहिलाय ना, बाळा. माझाही राहू दे.”

इशबेलच्या तोंडात उत्तर तयार होतं. तिच्या तोंडात नेहमीच उत्तर तयार असायचं. पण बाबाची हनुवटी थरथरत होती, आणि असली हनुवटी तिने फक्त दफनाच्या दिवशी पाहिली होती.

ती एकटीच वर गेली. राशीवर हात ठेवला आणि तेवढ्यात पलीकडचं धुकं टरकन फाटलं. खाली समुद्र! रुपेरी, अफाट, त्यात काळी बेटं. “बाबाऽ” अशी हाक अगदी ओठांवर आली होती. तिने ती गिळली. आई गेल्यावर पहिल्यांदाच ती ढसाढसा रडली, वारा होता म्हणून बरं.

डोळे पुसून ती खाली आली तेव्हा फर्करने केकचा डबा उघडला होता.

“दिसलं काही?”

“नाही रे. नुसतं धुकं.”

“वाटलंच.” त्याने केकचे दोन तुकडे केले आणि करपलेला स्वतःकडे ओढला. व्हिस्कीच्या बाटलीला दोघांनीही हात लावला नाही.