तिसरं धुणं

नोएमीने तिसऱ्यांदा नळीतल्या भुकटीवर द्रावक ओतलं, बूच घट्ट लावलं, ती गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवली आणि झाकण जरा आपटलंच.

"हळू, बाई. यंत्र संस्थेचं आहे," डॉ. रुतिलिओ म्हणाले.

हे तिच्या प्रबंधाचे परीक्षक. टायटॅनियम ऑक्साइडच्या पांढऱ्या कणांवर वीज वाहून नेणाऱ्या गडद निळ्या पॉलिमरचं कवच तिने रासायनिक बंधाने जोडलं होतं. चार वर्षं घातली होती त्यात. आणि या गृहस्थांनी एका ओळीत निकाल लावला: कवच जोडलेलं नाही, नुसतं गुंडाळलेलं आहे, सबब नामंजूर. त्यांची सही नाही तर पदवी नाही.

"मक्याच्या वाफवलेल्या तामालला पान गुंडाळलं म्हणून ते त्याला चिकटत नाही," विभागप्रमुख दोन्या इग्नासियांकडे बघत ते हसले. "द्रावक निळं होणार आणि खाली पांढरी भुकटी उरणार. बघा तुम्ही."

"दोनदा धुतलं, डॉक्टर. झालं का निळं?"

"तोंड आवर."

नोएमीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिने नजर यंत्रावरच ठेवली. यंत्र थांबलं. तिने नळी उजेडात धरली. वरचं द्रावक पाण्यासारखं स्वच्छ होतं आणि तळाची भुकटी तशीच गडद निळी.

दोन्या इग्नासियांनी नळी तिरकी करून पाहिली आणि रुतिलिओंच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगातलं कवच गेली दोन वर्षं दर धुण्याला सुटून येत होतं, हे अख्ख्या सान लुईस पोतोसी शहराला ठाऊक होतं.

"जोडणीच्या आधी भुकटी सुकवलीस किती तास?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

नोएमी बघतच राहिली. अरे देवा! प्रबंधाचं तिसरं प्रकरण अख्खं त्या सुकवण्यावरच होतं. दोन्या इग्नासियांनी हळूच चष्मा काढला.

नोएमीने उत्तराआधी फाइल उघडली. फाइलमधून मंजुरीचा कागद काढून तिने रुतिलिओंपुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

रुतिलिओंनी कागदाकडे पाहिलं, मग दोन्या इग्नासियांकडे. त्या चष्म्याच्या काचा पुसत होत्या, मान खाली घालून.

रुतिलिओंनी सही केली.

नोएमीने कागद उचलला, सही नीट बघून घेतली आणि फाइल बंद केली.

"सोळा तास," ती म्हणाली. "पान बेचाळीस."