आकडा नसलेली खाट

लतिकासिस्टरच्या हाताखालचा पेशंट म्हणजे नवरदेव, असं त्या वॉर्डात म्हणायचे. नाशिकच्या त्या हॉस्पिटलात मेंदूला मार लागलेल्यांच्या खोलीत तिची एकोणीस वर्षं गेली होती. मोठे डॉक्टर नऊच्या ठोक्याला राउंडला आले, की तिच्या पेशंटकडे बोट दाखवायला जागा नसायची. घशातला कफ नळीनं ओढायचा, तोंड पुसायचं, अंग पुसायचं, कुशीवर वळवून चादर बदलायची, पाठीला पावडर लावायची. सगळं एका दमात, पंचवीस मिनिटांत. नव्या पोरींना ती सांगायची, “कामं रेंगाळत ठेवायची नाहीत. एकदा उरकलं की पेशंटही निवांत.” पेशंट बेशुद्ध. तो बिचारा कशाला नाही म्हणतोय!

दोन हजार तीनच्या जानेवारीत हॉस्पिटलात एक यंत्र आलं. एकच. कवटीला बारीक भोक पाडून त्याची तार आत सोडली, की डोक्यातला दाब आकड्यात दिसायचा. वीसच्या आत असला तर बरा. पहिली तार बसली पुंजाला. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत फवारणी करताना तो ट्रॅक्टरवरून डोक्यावर पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लतिकानं नेहमीसारखं काम काढलं. आकडा चौदा होता. कफ ओढला, बावीस. तोंड पुसलं, चोवीस. कुशीवर वळवला, एकतीस. चादर ओढेपर्यंत अडतीस. यंत्रच बिघडलंय असं वाटून तिनं डॉक्टर विहंगला हाक मारली. पोरगेलासा डॉक्टर, यंत्र त्याच्याच ताब्यात होतं.

“बिघडलं नाहीये, सिस्टर,” तो म्हणाला. “एक काम केलं की दाब चढतो, थोड्या वेळानं उतरतो. उतरायच्या आत दुसरं केलंत तर चढतच जाणार. मध्ये उसंत द्या त्याला.”

एवढं बोलून तो पुढच्या पेशंटकडे गेला. कोणी तिला बोल लावला नाही. एकोणीस वर्षांची झाकली मूठ होती, ती एका तारेनं उघडली. लतिकाला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिनं हात धुतले, मग पुन्हा धुतले. सकाळी चकाचक होऊन दुपारच्या आत गेलेले किती होते, ते आठवून पाहिलं. चेहरे येईनात. घडी न मोडलेल्या चादरी तेवढ्या आठवल्या.

त्या दिवसापासून ती पुंजाचं एक काम करायची आणि आकडा उतरेपर्यंत नुसती उभी राहायची. राउंडला तो अर्धवट पुसलेला, चुरगळलेल्या चादरीवर. मोठ्या डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण आकडा पंधरा पाहून ते पुढच्या खाटेकडे वळले.

बोलली ती पुंजाची बायको, भागीबाई. आठव्या दिवशी चारच्या भेटीला आली आणि तिचा बांध फुटला. “सिस्टर, त्या शेजारच्या बाबांना बघा कसं लख्ख ठेवलंय! आमच्या मान्साची दाढी वाढली, अंगाला वास येतो. आमी खेड्यातले म्हणून हात लावत नाय का?”

राग यायला हवा होता. तोही आला नाही. लतिकानं तिच्या हातात ओला रुमाल दिला. “पुसा. फक्त तोंड. आणि तो आकडा बघत राहा.”

तेरा. कपाळ पुसलं, पंधरा. मानेखाली हात घातला, एकोणीस. चटका बसावा तसा भागीबाईनं हात मागे घेतला.

“दुखतंय का त्यांना?”

“ते नाही सांगता येत. पण आत दाब वाढतो. आता थांबायचं.”

दोघी थांबल्या. पाच-सात मिनिटांनी आकडा पुन्हा तेरावर आला. भागीबाईनं पदरानं नाक पुसलं, आणि तिची नजर शेजारच्या खाटेकडे गेली. तिथं शरच्चंद्रकाका होते, बँकेतून निवृत्त झालेले, मोटारसायकलनं उडवलेले. पाचचा राउंड तोंडावर आला होता, म्हणून सविता, लतिकाच्याच हाताखाली तयार झालेली सिस्टर, त्यांचं भराभर उरकत होती. कफ झाला होता, तोंड झालं होतं. आता तिनं त्यांना कुशीवर घेतलं.

“त्या बाबांचा आकडा कुठं हाय?” भागीबाईनं विचारलं.

“त्यांना नाही. यंत्र एकच आहे.”

“मंग त्यांचं चढलं तर कळतं कसं?”

“कळत नाही,” लतिका म्हणाली.

आठ दिवस ती खाट तिच्यापासून चार हातांवर होती. तिथं तिनंच लावलेली शिस्त रोज दोन वेळा चालत होती, आणि तिनं तिकडे पाहिलं नव्हतं. तिला पाहायचंच नव्हतं. तिथं पाहिलं असतं तर मागच्या एकोणीस वर्षांकडेही पाहावं लागलं असतं.

ती त्या खाटेपाशी गेली आणि तिनं सविताचं मनगट धरलं. “थांब.”

“का हो ताई? चादर राहिलीये. नऊ मिनिटं आहेत फक्त.”

“असू दे. मी तुला चुकीचं शिकवलं.”

सवितानं चादरीवरचा हात काढला. काका डोळे मिटून पडले होते, स्वच्छ, नेहमीसारखे.

“बरं,” सविता म्हणाली. “मग किती वेळ थांबायचं?”

ते लतिकाला सांगता येईना.