पेजवर आमचा आठवडा

मला कुणी विचारलं ना, की तुमच्या बाबांचा तो व्हिडिओ कुणी काढला, तर मी सरळ सांगते, मीच. लपवून काय करू? गावाला ठाऊक आहे, आणि आता तर जगाला ठाऊक आहे.

त्याचं असं झालं. आमच्या डोंगरावरच्या गावात पर्यटक यावेत म्हणून समितीने इंटरनेटवर पेज काढलं. समितीचे अध्यक्ष म्हणजे लॉजचे मालक. त्यांच्या डोक्यातून निघालं की पेज सगळ्या गावाचं, तर चालवायचंही सगळ्या गावाने. प्रत्येक घराला एक आठवडा. त्या आठवड्यात रोज एक तरी व्हिडिओ टाकायचा, लोक खाली जे विचारतील त्याला तासाभरात उत्तर द्यायचं, तेही गोड. बाकीच्यांनी पटापट लाइक ठोकायचे. जो चुकेल त्याचं नाव गावाच्या ग्रुपवर. सुताराने तीन दिवस एकाच सूर्यास्ताचा फोटो टाकला, तर ग्रुपवर त्याची अशी खेचली की बिचारा दोन दिवस दुकान उघडेना.

माझा आठवडा आला तेव्हा मी रडकुंडीला आले. मी कपडे शिवते. माझ्याकडे दाखवण्यासारखं काय, मशीन आणि चिंध्या? आमचे हे जीपने प्रवासी वर आणतात. ते म्हणाले, "अगं, बाबांना दाखव की. रोपवेवर बसलेलेच असतात."

बाबांनी पस्तीस वर्षं गावातून वरच्या शिखरावर जाणारा रोपवे चालवला, खालच्या स्टेशनवर. माणसं ट्रॉलीत बसवायची, दाराची कडी लावायची, दोनदा ओढून बघायची आणि घंटा द्यायची. निवृत्त झाले त्याला खूप वर्षं झाली. गेल्या दोन वर्षांत त्यांचं विसरणं फार वाढलंय. जेवलो का तेच आठवत नाही. मला कधी ताई म्हणतात, कधी मावशी. पण कडी विसरत नाहीत. सकाळी मी त्यांना रोपवेवर सोडायची. तिथला ऑपरेटर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो त्यांना खुर्ची द्यायचा, कडी लावू द्यायचा आणि मग गुपचूप स्वतः एकदा तपासायचा. बाबा आत बसलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "हात आत, नजर बाहेर!" पस्तीस वर्षं तेच.

मी एवढंच शूट केलं. वीस सेकंद. आणि अहो, काय सांगू! तीन दिवसांत आमच्या गावात आहेत त्याच्या शंभरपट माणसांनी ते बघितलं. महिनाभरात लोक यायला लागले. लॉज भरलं, जीपच्या फेऱ्यांत ह्यांना जेवायलाही उसंत मिळेना. समितीने बाबांचं ते वाक्य कापडी पिशव्यांवर छापलं, आणि पिशव्या कोण शिवणार? मीच. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. बाबाही खूश होते. येणारा-जाणारा त्यांच्याशी बोलायचा. घरात आम्ही तरी कुठे इतकं बोलायचो त्यांच्याशी?

अध्यक्षांनी मला आणखी एक आठवडा दिला. "ह्या वेळी लाइव्ह करा," म्हणाले. "लोकांना बाबा थेट दिसू देत." रविवारी संध्याकाळी मी मोबाइल धरून उभी राहिले.

ट्रॉली भरली. बाबांनी कडी लावली, दोनदा ओढली, घंटेपर्यंत हात नेला आणि थांबले. ऑपरेटर म्हणाला, "काका, द्या घंटा." तर बाबा म्हणाले, "थांब रे जरा. ती वरची खिडकी बंद करून येईल. तिला घेऊनच घरी जायचंय."

ती म्हणजे माझी आई. वरच्या स्टेशनवर तिकिटं द्यायची. संध्याकाळी शेवटच्या ट्रॉलीने खाली उतरायची आणि दोघं चालत घरी यायचे. आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

ऑपरेटर गडबडला आणि बोलून गेला, "काका, काकू गेल्या ना..." बाबांनी त्याच्याकडे बघितलं. "कधी? मला कुणी कळवलं नाही." आणि रडायला लागले. तोंडावर हातसुद्धा घेतला नाही, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

मी मोबाइल खाली घ्यायला हवा होता. नाही घेतला. स्क्रीनवर खालून वर लाल बदाम सरकत होते, इतके की बाबा मधूनमधून दिसेनासे व्हायचे, आणि मी ते बदाम बघत उभी राहिले. दोन मिनिटं चाळीस सेकंद. ह्यांनी येऊन माझा हात खाली दाबला तेव्हा मी भानावर आले.

घरी पोचल्या पोचल्या मी व्हिडिओ काढून टाकला. काय उपयोग? तोवर कितीतरी जणांनी तो उतरवून घेतला होता. कुणी मागे रडकं संगीत लावलं, कुणी त्याला 'खरं प्रेम' असं नाव दिलं. मी एकेकाला लिहीत बसले, की हे माझे वडील आहेत, कृपा करून काढा. एकाचं उत्तर आलं. त्यानेही बदामच पाठवला होता.

त्यानंतर लोक कडी बघायला नाही, ते रडणं बघायला यायला लागले. वाईट नव्हती हो ती माणसं. फुलं घेऊन यायची. बाबांच्या खुर्चीजवळ वाकून मायेने विचारायची, "आजोबा, आजी आल्या का?" बस्स. बाबा उठायचे, रोपवेच्या दोरावर वरपर्यंत नजर लावायचे, वाट बघायचे. मग जवळच्या कुणाला तरी विचारायचे, कुणीतरी सांगून टाकायचं, आणि माझी आई त्यांच्यापुरती पुन्हा त्याच क्षणी मरायची. एका शनिवारी पाच वेळा. मी मोजलं.

मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "ताई, मला ते वडिलांच्या जागी आहेत," म्हणाले, "पण येणाऱ्यांपैकी कुणाकुणाचं तोंड धरू, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, निदान पेजवर लिहा, की असं विचारू नका. त्यांनी विषय ग्रुपवर टाकला. फोटो स्टुडिओवाली म्हणाली, तसं लिहिलं तर न विचारणारेही विचारतील. जीपवाले गप्प, आणि त्यात आमचे हेही. शेवटी सर्वानुमते ठरलं आणि पेजवर आलं, 'आमच्या लाडक्या आजोबांना भेटताना हळुवारपणे वागा.' पुढच्या रविवारी दुप्पट माणसं आली. सगळी हळुवारपणे विचारत होती.

त्या दिवशी मी ह्यांच्यावर भडकले. "ग्रुपवर मिठाची गुळणी धरून का बसलात?"

"काय तोंडाने बोलू?" हे म्हणाले. "ती माणसं वर आणतो कोण? मीच ना?"

मशीनवर पिशव्यांचा गठ्ठा अर्धा शिवून पडला होता.

मग मी बाबांना घरातच ठेवलं. ते सकाळी उठून शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावायचे आणि दाराशी येऊन उभे राहायचे. "ड्यूटीला उशीर होतोय, सोडा मला," म्हणून माझ्या विनवण्या करायचे. मी काहीबाही थाप मारायची. आज रोपवे बंद आहे, तेल घालताहेत, वारा फार आहे. थापा संपल्या की मी नुसतं दार अडवून उभी राहायची.

पण शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. दिवसभर दार लावून कसं चालेल? परवा दुपारी एक बाई आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी आत आल्या. पिशवी हवी होती. मी कपाटाकडे वळले, तेवढ्यात मुलीने बाबांना ओळखलं. तिने आजीचं काही विचारलं नाही, शहाणी होती. त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही किती फेमस आहात माहितेय?" आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.

मी पोचेपर्यंत व्हिडिओ सुरू झाला होता. हिसकावून घ्यावा तर बाबांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. आता पुन्हा एकदा, आणि तेही आमच्याच घरात. ते शेवटपर्यंत बघत राहिले. रडले नाहीत. अंगठ्याने काच पुसली, पुन्हा बघितलं.

"कोण आहे हा म्हातारा?" ते म्हणाले. "कसा रडतोय. आणि सगळे आपले बघत उभे. ह्याचं कुणी नाही का?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिची आई खांद्यावरच्या पर्सचे बंद ओढत राहिली.

बाबांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "बाई, तुम्ही ओळखता का ह्याला?"

"ओळखते," मी म्हटलं.

"मग त्याच्या घरी कळवा की," बाबा म्हणाले. "कुणीतरी येऊन घेऊन जाईल त्याला."