सात लग्नांचे भाऊजी

टिप्याच्या अल्बममध्ये सात लग्नं होती आणि सातही लग्नांत नवरा एकच होता.

तो त्याच्या ताईचा नवरा. आधीचं काम बघितल्याशिवाय गिऱ्हाईक लग्नाचे फोटो काढायला देत नाही, आणि कोणी दिल्याशिवाय आधीचं काम आणायचं कुठून? म्हणून टिप्याने ताई-भाऊजींनाच उभं केलं. कधी भाऊजींना मिशी लावली, कधी चष्मा, एकदा तर खुर्चीवर चढवून उंच नवरा केला. "खऱ्या लग्नात एवढी हौस केली असती तर!" असं ताई सातही वेळा म्हणाली.

एवढं करूनही सहा महिन्यांत कोणी फिरकलं नव्हतं. मामाने निर्वाणीचं सांगितलं, "एक तारखेपर्यंत एक लग्न मिळव. नाहीतर माझ्या फरशीच्या दुकानात उभा राहा." मामा नुसता बोलून थांबणारा नव्हता. त्याने दुकानाचा शर्ट शिवून, खिशावर टिप्याचं नाव भरून पाठवूनही दिला. माप अगदी बरोबर होतं, हेच टिप्याला जास्त लागलं.

एकोणतीस तारखेला सकाळी एक गृहस्थ आले. धाकट्या मुलीचं लग्न होतं. त्यांनी अल्बम उघडला. पहिलं लग्न पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसऱ्यावरून परत पहिल्यावर गेले. मग चौथ्या लग्नातल्या मिशीवर बोट ठेवलं.

"ही एका बाजूने सुटलीय."

"वारा होता," टिप्या म्हणाला.

"हॉलमध्ये?"

तेवढ्यात दार ढकलून भाऊजी आत आले. ते पाणीपुरवठा खात्यात कारकून होते आणि ऑफिसला जाताना ताईने दिलेला डबा टिप्याकडे टाकून जायचे. गृहस्थांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा अल्बमकडे.

"तुमची सात लग्नं?"

"हो," भाऊजी म्हणाले. "बायको एकच. उगाच बदल कशाला?"

टिप्याच्या तळपायांना फरशीचा गारवा जाणवायला लागला. "काका, खरं सांगतो. हे माझे सख्खे भाऊजी. मी अजून एकही लग्न केलेलं नाही."

"तुमचं खासगी राहू द्या," गृहस्थ म्हणाले. त्यांचं डोकं भलतीकडेच अडकलं होतं. "म्हणजे हे तुमच्या घरचे जावई? आणि तुम्ही सांगाल तिथे उभे राहिले? सात वेळा? खुर्चीवरसुद्धा?"

"खुर्ची माझी कल्पना," भाऊजी म्हणाले.

गृहस्थ मागे टेकून बसले आणि त्यांच्या पोटातलं ओठावर आलं. त्यांचे थोरले जावई स्वतःच्याच लग्नात रुसले होते. कशावरून, ते आता कोणालाच आठवत नव्हतं. बहुधा जावयालाही नाही. साडेतीनशे फोटो, प्रत्येकात तोंड फुगलेलं. थोरली तो अल्बम कपाटात चादरींखाली ठेवते. "धाकटीच्या लग्नात तरी तिला त्याचा एक हसरा फोटो मिळावा. दोन फोटोग्राफरांना विचारलं. म्हणाले, नवरा-नवरी हसवू, पाहुण्यांची हमी नाही. तुम्ही जावई वळवलात कसा?"

टिप्याने भाऊजींकडे पाहिलं. ते त्यालाही माहीत नव्हतं.

"हा मला विचारतो," भाऊजी म्हणाले. "भाऊजी, इथे उभं राहायचं की तिथे? तुमचं मत काय? सासरी इतक्या वर्षांत चहात साखर किती, यापलीकडे माझं मत कोणी घेतलेलं नाही."

काम मिळालं. अट एकच, थोरले हसले नाहीत तर अल्बम परत. मामा म्हणाला, "परत आला तर शर्ट आहेच."

लग्नाच्या दिवशी अख्खं खानदान स्टेजवर ओळीत उभं राहिलं आणि थोरले जावई खाली खांबाला टेकून, सगळ्यांकडे पाठ करून. चौघेजण "चला ना!" म्हणत हात धरून ओढून बघून आले. खांब हलला असता, पण जावई नाही.

टिप्या कॅमेरा घेऊन खाली उतरला. "साहेब, मला उजेडाचा अंदाजच येईना. ही मंडळी इथे बरी दिसतील, की थोडी डावीकडे?"

थोरल्यांनी मान वळवली. बराच वेळ बघितलं.

"डावीकडे."

अठ्ठावीस माणसं डावीकडे सरकली. आत्याबाईंची खुर्ची आत्याबाईंसकट उचलावी लागली.

"अंहं. उजवीकडे."

सगळे उजवीकडे निघाले, सासरे सगळ्यांच्या पुढे. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, मला एकदाच काय ते ठेवा!" असं तीनदा झालं. शेवटी सगळे जिथून निघाले होते तिथेच येऊन पोचले.

"हां. आता जमलं," थोरले म्हणाले. ते स्टेजवर चढले, बायकोशेजारी उभे राहिले, आपण लावलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली आणि हसले. चांगले दात दिसेपर्यंत हसले. त्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. थोरली तेवढी त्या दातांकडे बघतेय.

सामान आवरेपर्यंत तिघांनी टिप्याला गाठून तारखा विचारल्या. नवरा-नवरीचे फोटो कसे येतात, हे एकानेही विचारलं नाही. तिघांच्याही घरी जावई होते.

मामाच्या शर्टाचं कापड सुती निघालं. लेन्स पुसायला उत्तम. फक्त खिशाची बाजू वापरायची नाही, नावाने चरे पडतात.