मावशींनी दिलेला कान

लॉन्ड्रीत जन्मभर इस्त्री फिरवलेल्या मावशींना अक्षरओळख झाली ती केस पांढरे झाल्यावर, सुनेच्या हाताखाली. त्यामुळे त्या बोलल्यासारखंच लिहायच्या. दम लागेल तिथे थांबायचं, आणि वेलांटी पहिली की दुसरी हे देवावर सोडायचं.

लंबकाच्या जुन्या घड्याळांचं वेड असलेल्या लोकांचा फोनवर एक गट होता. मावशी त्यात आल्या नवऱ्यापायी. तो गेला आणि त्याचं भिंतीवरचं घड्याळही मुकं झालं. गटातल्या लोकांना विचारत विचारत मावशींनी ते उघडलं, पुसलं, तेल दिलं आणि एके दुपारी नुसत्या कानाने ठोका जुळवून चालू केलं. त्या आनंदात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एवढं लांबलचक लिहिलं. घड्याळाचं लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं, तो चावी देताना पुटपुटायचा तेसुद्धा लिहिलं.

पहिलं उत्तर आलं ते वेलांटींचं. हे गृहस्थ छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. गटात कोणीही काहीही लिहिलं की त्यातल्या चुका काढायचे, म्हणून हे नाव. त्यांनी मावशींच्या मजकुराचा फोटो काढून परत पाठवला होता. त्यावर लाल खुणा अशा, की जणू मजकुराला गोवर उठलाय. खाली एकच ओळ: "पुढील वेळी काळजी घ्यावी." घड्याळाबद्दल अवाक्षर नाही. त्याच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एका औषधविक्रेत्याने लिहिलं, "मावशी, नापास!"

गटाचे प्रमुख दातांचे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "हा घड्याळांचा गट आहे की शाळा?" वेलांटी म्हणाले, "चूक दिसली की सांगावी, त्यात गैर काय?" चार लोक या बाजूने, चार त्या बाजूने भांडले आणि दमून गप्प झाले. मावशींना कोणी विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी गटात एक अक्षर लिहिलं नाही. नुसता अंगठा दाखवायच्या.

"आई, सोडा ना आता," सून म्हणायची.

"सोडायला ते काय दाराशी बांधलेलं कुत्रं आहे? माझ्या माणसाबद्दल लिहिलं होतं मी. त्यावर लोक हसले."

"मग काय करणार आहात?"

"त्यालाही तसंच चारचौघांत उभं करणार. मगच मी लिहीन."

सून हसली. मावशी हसल्या नाहीत.

त्या गटाची एक रीत होती. दहा जणांनी दहा सल्ले देऊन घड्याळाची वाट लावू नये म्हणून, ज्याचं घड्याळ असेल तो एकाच माणसाला 'कान द्या' म्हणायचा. त्या माणसाने आवाज ऐकून निकाल द्यायचा. तोवर बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. निकाल चुकला तर नाक कापलं जायचं ते कान देणाऱ्याचं. मावशींचा कान गटात नावाजलेला होता; कोणी मागितला तर निकाल त्या बोलून पाठवायच्या. इस्त्रीच्या वाफेच्या फुसफुशीतून गिऱ्हाईकाची चाहूल घ्यायची सवय कामाला आली असणार.

एके दिवशी वेलांटींनी एका मोठ्या घड्याळाची चित्रफीत टाकली. सार्वजनिक वाचनालयाला ते त्यांनी स्वतः दुरुस्त करून दिलं होतं. रविवारी सगळ्यांसमोर त्याबद्दल त्यांचा मान व्हायचा होता, गटालाही बोलावणं होतं. शेवटी लिहिलं होतं: "मावशी, कान द्यावा."

मावशींनी फोन कानाला लावला. टिक, आणि बऱ्याच वेळाने टॉक. लगेच पुन्हा टिक. घड्याळ सरळ सरळ लंगडत होतं. घड्याळ डोळ्यांना सरळ दिसून भागत नाही, कानाला सरळ लागावं लागतं. पेटीचं बूड जरा बाजूला सरकवलं की काम झालं. नाही सरकवलं, तर ते दमून बंद पडणार हे ठरलेलं.

"एवढं लंगडं घड्याळ मिरवतोय?" मावशी पुटपुटल्या, आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. गटात कोणी नुसता आवाज पाठवला की वेलांटी कधी उत्तर देत नसत. लिहिलेलं असलं तरच झडप घालायचे.

"अगं, हा बहिरा आहे!"

"मग सांगून टाका बिचाऱ्याला, कुठे सरकवायचं ते," सून म्हणाली.

"बिचारा?" मावशी म्हणाल्या. "मी लिहिते ते तपास."

त्यांनी लिहिलं: घड्याळात काहीही दोष नाही.

सुनेने वाचलं. "चूक एकही नाही, आई. पण..."

मावशींनी ते पाठवून दिलं. त्या रात्री त्यांना झोप छान लागली.

रविवारी वाचनालयात खुर्च्या मांडल्या होत्या. वेलांटी घड्याळाखाली उभे होते, काडीसारखे, धुतलेला सदरा, कानावर पेन्सिल. ग्रंथपालबाई बोलायला उठल्या तसे गटातले लोक एकेक करून मान तिरकी करू लागले. टिक. टॉकटिक. मावशी वाट बघत होत्या, आता हसतील, आता हसतील.

पण लोक वेलांटींकडे बघतच नव्हते. सगळ्यांच्या नजरा मावशींवर.

"मावशी," औषधविक्रेता कुजबुजला, "कान गेले की काय तुमचे?"

तेवढ्यात घड्याळ बंद पडलं. भाषण चालू राहिलं. वेलांटींचा तळवा घड्याळाच्या पेटीवर होता. आतला ठोका हाताला लागेना तसा तो अधिक घट्ट टेकला, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वळून मावशींकडे पाहिलं. ग्रंथपालबाईही गप्प झाल्या.

"वय झालं, चालायचंच," डॉक्टर पडदा टाकायला म्हणाले. "चुकतो एखाद्याचा कान."

मावशींना वाट मोकळी होती. मान डोलावली असती तर भागलं असतं. त्या उठल्या.

"माझा कान चुकला नाही. मला पहिल्या ठोक्यालाच कळलं होतं. मुद्दाम खोटं लिहिलं मी."

मावशी वेलांटींच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना ओठ दिसावेत म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"लंगडत होतं. मी सांगितलं नाही. कळलं?"

"कळलं," वेलांटी म्हणाले. त्यांचा आवाज उगाच मोठा होता. "छापखान्यातल्या यंत्रांनी कान खाल्ले माझे. म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही नुसत्या कानाने यजमानांचं घड्याळ चालू केलंत, म्हणून."

"म्हणजे वाचलं होतंत तुम्ही?"

"दोनदा वाचलं."

"मग त्यावर एक शब्द नाही लिहवला?"

वेलांटींनी कानावरची पेन्सिल काढली आणि नुसतीच बोटांत फिरवली. "चुका मला सापडतात. बाकी काय लिहायचं ते सुचत नाही. लोकांना आवडत नाही, तेही माहीत आहे. पण तेवढंच येतं मला."

मावशींना क्षणभर त्यांची कीव आली. ती त्यांनी गिळली. कीव एकदा केली की हिशेब अर्धाच राहतो.

"घड्याळ चालू करून हवंय?"

"हो."

"मग विचारा मला. माझं घड्याळ कसं चालतंय, ते विचारा. सगळ्यांसमोर."

वेलांटींनी पेन्सिल परत कानावर ठेवली.

"मावशी," ते म्हणाले, "यजमानांचं घड्याळ कसं चालतंय?"

मावशींनी शेजारची खुर्ची ओढली, त्यांना बसवलं, स्वतः समोर बसल्या आणि सांगायला लागल्या. पहिल्यापासून. औषधविक्रेत्याने दोनदा मनगटाकडे पाहिलं, ग्रंथपालबाई खाकरल्या. डोक्यावर घड्याळ गप्प होतं. मावशींनी घाई केली नाही, आणि ओठांवरून नजर हलवायची सोय वेलांटींना नव्हती.